चूक त्याची, पण दुखापत सिद्ध करायची आपल्यालाच
वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

मागून वाहनाची धडक बसून झालेल्या दुखापतींसंबंधी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. वाचकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी 38 वर्षांची असून चिंचवडला राहते. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवण्याचा माझा व्यवसाय आहे. पाच आठवड्यांपूर्वी साताऱ्याहून परत येताना शिरवळजवळ पुढची वाहने थांबली म्हणून यजमानांनी कार थांबवली आणि मागून आलेला टेम्पो आमच्या कारवर आदळला. टेम्पोचालकाने माफी मागितली, मोबाइल नंबर दिला आणि ‘पोलिसांत नको, गाडीचा खर्च मी देतो’ असे सांगितले. त्या वेळी कोणालाच विशेष लागलेले दिसत नव्हते, म्हणून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान वळेना. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा बाराव्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. त्यात मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधली चकती सरकल्याचे आणि थोडी झीज असल्याचे लिहिले आहे. कारची दुरुस्ती आमच्याच विम्यातून झाली. आता टेम्पोच्या विमा कंपनीकडून आल्याचे सांगणारे एक गृहस्थ चाळीस हजार रुपये देऊ करतात आणि एका कागदावर सही मागतात. पोलिसांत तक्रार नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : प्रथम सहीविषयी. त्या कागदावर सध्या सही करू नका. अशा कागदावर बहुधा ‘या अपघातासंबंधीच्या सर्व मागण्यांची पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ असे वाक्य असते आणि एकदा त्याखाली सही झाली की पुढे हाताची शक्ती कमी झाली किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पुन्हा मागणी करताना त्या सहीचाच अडथळा होतो. तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 149 मध्ये विमा कंपनीने स्वतःहून तडजोडीचा प्रस्ताव ठेवण्याची रीतसर तरतूदही आहे. मात्र उपचार चालू असताना, दुखापत कुठे जाऊन थांबणार हे तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसताना, तिची किंमत ठरवता येत नाही. त्या गृहस्थांकडून प्रस्ताव कंपनीच्या कागदावर, पॉलिसी क्रमांकासह लेखी मागा. तो लेखी आला नाही, तर ते कोणाच्या वतीने आले होते याचाही अंदाज येईल.

आता मूळ मुद्दा. ‘मागून धडक दिली म्हणजे चूक त्याचीच’ असे सर्वजण धरून चालतात आणि बहुतेक प्रकरणांत ते बरोबरही असते, कारण पुढील वाहन अचानक थांबले तरी टक्कर टळेल एवढे अंतर ठेवण्याची जबाबदारी नियमांनी मागच्या चालकावर टाकलेली आहे. या समजुतीमुळे लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अशा प्रकरणांत खरी लढाई चूक कोणाची यावर क्वचितच होते. ती होते दुखापत किती आणि ती याच अपघातातली कशावरून, या दोन प्रश्नांवर. मानेच्या दुखापतीत तर हे हमखास घडते. हाड मोडले की एक्स-रे बोलतो. मानेला झटका बसून स्नायू आणि चकतीला इजा झाली, तर वेदना बऱ्याचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते, एक्स-रे साधाच येतो आणि एमआरआयमध्ये जे दिसते त्याच्या शेजारी ‘झीज’ हा शब्द लिहिलेला असतो. तुमच्या अहवालात तो आहेच. विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत डॉक्टरांना विचारतील, ‘अशी झीज अपघाताशिवाय, वयामुळेही होऊ शकते, हे खरे आहे का?’ डॉक्टर प्रामाणिकपणे ‘होय, होऊ शकते’ असे उत्तर देतील. तुमच्या बाजूने काही लेखी नसेल, तर तेवढ्या एका उत्तरावर दावा निम्मा होतो.

म्हणून पहिल्या डॉक्टरांकडचा केसपेपर आजच काढून वाचा. त्यावर नुसते ‘मान दुखणे, एक दिवस’ एवढेच असेल आणि अपघाताचा उल्लेख नसेल, तर डॉक्टरांना भेटून तपासणीच्या वेळी तुम्ही अपघाताविषयी सांगितले होते का हे विचारा. सांगितले असल्यास त्यांनी तसे आजच्या तारखेचे वेगळे प्रमाणपत्र द्यावे. जुन्या कागदावर नव्याने काही लिहून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. शाईतला फरक ओळखू येतो आणि मग खरा भागही खोटा वाटू लागतो. तज्ज्ञ डॉक्टरांकडून दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : अपघातापूर्वी अशी लक्षणे नव्हती, आणि झीज आधीची असली तरी वेदना व हाताच्या मुंग्या या झटक्यानंतर सुरू झाल्या. आधी त्रास होत नसलेली झीज अपघातामुळे त्रासदायक झाली, तर तीही अपघाताचीच हानी आहे. मात्र पूर्वी कधी मानेसाठी उपचार घेतले असतील तर ते लपवू नका. जुन्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानात किंवा मेडिक्लेमच्या नोंदीत सापडतात आणि मग तुमच्या एकाही शब्दावर विश्वास उरत नाही.

उपचारांत खंड पडू देऊ नका. फिजिओथेरपीला चार दिवस जाऊन सोडून दिले, की समोरची बाजू ‘बरे वाटले म्हणूनच सोडले’ असे म्हणते. दर भेटीची नोंद, पावती, औषधांची मूळ बिले, पट्ट्याची खरेदी, रिक्षाचे भाडे हे सर्व तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, विमा कंपनीच्या माणसाला तर नाहीच.

पोलीस तक्रारीबद्दल : ती आजही करता येते आणि करावी. तक्रार उशिरा झाली एवढ्याच कारणाने दावा संशयास्पद ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण या 2011 मधील निकालात सांगितले आहे. पण उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. तुमचे कारण खरे आणि साधे आहे, तेव्हा ते जसे घडले तसेच लिहा : जागेवर चालकाने खर्चाची हमी दिली, दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू झाले, गांभीर्य एमआरआयनंतर कळले. हे कारण फिर्यादीत लिहिले जाणे महत्त्वाचे आहे, कारण उशिरा नोंदवलेल्या गुन्ह्यांत अपघातात नसलेले विमाधारक वाहन मागाहून ‘घुसवले’ असा आरोप विमा कंपन्या करतात आणि काही प्रकरणांत तो खराही निघालेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते, तेव्हा तुमच्या जवळच्या ठाण्यातही तक्रार देऊन ती शिरवळला वर्ग होऊ शकते. ठाण्यात घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवण्याची सोय त्याच कलमात आहे. टेम्पोचालकाने ‘पोलिसांत नको’ म्हटले असले, तरी जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे, अपघाताची माहिती पोलिसांना देणे आणि आपल्या विमा कंपनीला कळवणे ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाचीच कर्तव्ये आहेत.

गुन्हा नोंदला गेल्यावर तपास अधिकाऱ्याने 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेली ही व्यवस्था चांगली आहे. तरीही तुमच्यासारख्या प्रकरणात तिच्या भरवशावर न राहता स्वतःचा अर्ज करावा असे माझे मत आहे, कारण शिलाईचे उत्पन्न किती बुडाले हे पोलिसांच्या अहवालात कोणी तुमच्या वतीने लिहिणार नाही.

पुराव्यांपैकी एक कागद तुम्ही कदाचित विचारातही घेतला नसेल, तो म्हणजे तुमच्याच कारच्या दुरुस्तीचा विमा अर्ज. त्यात अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि ‘मागून टेम्पोने धडक दिली’ ही हकिगत वाद सुरू होण्यापूर्वीच लिहिली गेली आहे, आणि सर्व्हेअरने मागच्या भागाचे फोटोही काढले असतील. त्याच्या प्रती विमा कंपनीकडून आणि गॅरेजमधून मिळवा. मात्र या अर्जात ‘कोणी जखमी झाले का?’ असा रकाना असतो आणि गॅरेजमधला माणूस तो पुष्कळदा न विचारताच ‘नाही’ असा भरून टाकतो. तसे झाले असेल, तर तुमच्या वकिलांना दावा दाखल करण्यापूर्वीच सांगा, म्हणजे त्याचे स्पष्टीकरण अर्जातच देता येईल. उलटतपासणीत ते प्रथमच समोर येऊ नये.

टेम्पोचालकाशी व्हॉट्सॲपवर झालेले संभाषण पुसू नका आणि तो फोन बदलू नका. ‘गाडीचा खर्च देतो’ हा संदेश, त्या दिवसाचे फोटो, टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद हे सर्व उपयोगी आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करतील. टोलनाका, पेट्रोलपंप किंवा ढाब्यावरचे सीसीटीव्ही चित्रण फार दिवस राहत नाही. पाच आठवड्यांनी ते मिळण्याची शक्यता कमी आहे, तरी लेखी मागणी करून पोच घ्या. टेम्पोचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकून त्याचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हेही पाहून ठेवा.

आता रकमेचा प्रश्न. जखमींच्या दाव्यात कोणकोणत्या बाबींखाली भरपाई द्यायची याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात केली, आणि आजही न्यायाधिकरणे त्याच वाटेने जातात : उपचार, आहार व प्रवासाचा खर्च, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, कायम अपंगत्वामुळे पुढे बुडणारे उत्पन्न, भावी उपचार, आणि वेदना व जगण्यातल्या सुखसोयी गमावल्याची भरपाई. त्या निकालातला सर्वांत उपयोगी भाग असा, की वैद्यकीय प्रमाणपत्रावर लिहिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईत झालेली घट ही एकच गोष्ट नव्हे. मान खाली घालून कापड बेतणे आणि तासन्‌तास मशिनवर बसणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांची कमाई मानेच्या थोड्या अपंगत्वानेही बरीच घटू शकते. तेच अपंगत्व असलेल्या दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचा पगार एक रुपयानेही कमी होणार नाही. ही घट तुम्हाला पुराव्याने दाखवावी लागेल. मापांची वही, ऑर्डरींच्या नोंदी, यूपीआयने आलेले पैसे, बँक पासबुक, आयकर विवरणपत्र किंवा उद्यम नोंदणी असल्यास ती, आणि परत केलेल्या ऑर्डरींच्या एक-दोन ग्राहक साक्षीदार म्हणून, एवढे पुरेसे होते.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. महिना 20,000 रुपये उत्पन्न सिद्ध झाले आणि कमाईतली कायमची घट 10 टक्के धरली गेली, असे समजा. वर्षाचे 2,40,000, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000, त्याचे 10 टक्के म्हणजे 33,600, आणि 36 ते 40 या वयोगटासाठीचा गुणक (वर्षाच्या घटीला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) 15, म्हणजे या एकाच बाबीखाली 5,04,000 रुपये. भावी वाढ जखमींच्या दाव्यातही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने पप्पू देव यादव प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. चाळीस हजारांच्या प्रस्तावाकडे या हिशेबाच्या उजेडात पाहा. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी : सहा महिन्यांत मान पूर्ण बरी झाली, तर ही बाब शून्य होते आणि उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न व वेदना एवढ्यांचीच भरपाई उरते. म्हणूनच अपंगत्वाचे प्रमाणपत्र घाईने घेऊ नका. उपचार पूर्ण होऊन प्रकृती स्थिर झाल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून ते घ्या, आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना साक्षीसाठी बोलावण्याची तयारी ठेवा.

घाई करायची आहे ती मुदतीसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 (3) नुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला आहे. अंतरिम आदेशावर विसंबून आपला दावा टांगता ठेवणे मला पसंत नाही. अर्ज मुदतीत करा, अपंगत्वाचे प्रमाणपत्र पुराव्याच्या टप्प्यावर दाखल करता येते. तुम्ही राहता तिथले, म्हणजे पुण्याचे न्यायाधिकरणही चालेल. साताऱ्याला हेलपाटे घालण्याची गरज नाही.

एक शेवटची बाब. विमा कंपनी ‘तुमच्या यजमानांनीच अचानक ब्रेक मारला’ असे म्हणू शकते. तुम्ही गाडी चालवत नव्हता. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली, तर ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात 2015 मध्ये सांगितले आहे. त्या युक्तिवादाने तुमची रक्कम कमी होऊ नये.

प्रश्न : नाशिकहून मुंबईकडे येताना महामार्गावर अचानक कुत्रा आडवा आल्याने मी ब्रेक दाबला आणि मागची कार माझ्या कारवर आदळली. माझे उजवे मनगट मोडले. मागच्या चालकाने उलट माझ्याविरुद्धच तक्रार दिली आहे. माझा दावा टिकेल का?

उत्तर : टिकण्यास चांगला आधार आहे, पण ‘मागच्याचीच चूक’ या एका वाक्यावर विसंबू नका. या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. निशान सिंग विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2018 च्या प्रकरणात पुढच्या ट्रकवर मागून कार आदळली होती. ट्रकपासून पुरेसे अंतर न ठेवल्याचा दोष कारचालकाचा ठरला आणि कारमधील व्यक्तींच्या वतीने ट्रकविरुद्ध केलेला दावा फेटाळला गेला. याउलट जुलै 2025 मध्ये निकाली निघालेल्या एस. मोहम्मद हक्कीम प्रकरणात, पत्नीला मळमळू लागले म्हणून महामार्गाच्या मध्येच, कोणताही इशारा न देता कार थांबवणाऱ्या चालकावर 50 टक्के दोष टाकला गेला. मागून आलेल्या दुचाकीस्वाराचा पाय त्या अपघातात गेला होता. त्याच्यावर 20 टक्के आणि त्याच्या मागून आलेल्या बसवर 30 टक्के दोष धरून त्याला सुमारे 91 लाख रुपये मिळाले.

तुमच्या बाबतीत सारे काही ब्रेक का दाबला, यावर येऊन ठेपते. समोर आलेले जनावर हे सुरक्षेसाठी ब्रेक दाबण्याचे सबळ कारण आहे. सोयीसाठी महामार्गावर थांबणे तसे नाही. तेव्हा कुत्र्याचा उल्लेख तुमच्या पहिल्याच जबाबात आहे का, ते पाहा. महिन्याभराने प्रथमच सांगितलेला कुत्रा न्यायाधिकरणाला सहसा दिसत नाही. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या आणि त्यात दोन्ही वाहने नेमकी कोणत्या मार्गिकेत होती, टायर घासल्याच्या खुणा कोणाच्या आणि किती लांबीच्या, हे तपासा. मागच्या कारच्या खुणाच नसतील, तर त्या चालकाने ब्रेक दाबलाच नाही असा युक्तिवाद करता येतो. तुमच्या गाडीचे ब्रेकलाइट चालू होते हे परिवहन विभागाच्या तपासणी अहवालात आले, तर उत्तम. न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. अधिक संभाव्य काय, एवढे दाखवावे लागते.

हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. दोषाचा पुरावा फारच कच्चा असेल तर हा मार्ग आहे. पण सावध राहा : विमा कंपनीकडून कलम 164 खालील रक्कम कलम 149 च्या पद्धतीने स्वीकारली, तर कलम 166 खालचा तुमचा अर्ज संपुष्टात येतो. मनगट कितपत पूर्ववत होते ते पाहून, वकिलांशी बोलून मगच निर्णय घ्या.

प्रश्न : रुग्णालयाचे 1 लाख 80 हजारांचे बिल मेडिक्लेमने भरले. समोरच्या गाडीचे विमाधिकारी म्हणतात की तो खर्च आता मागता येणार नाही. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 28 मार्च 2025 रोजी हा प्रश्न निकाली काढला आहे. मेडिक्लेमची रक्कम तुम्ही स्वतः भरलेल्या हप्त्यांच्या करारातून मिळते, तिचा समोरच्या चालकाच्या चुकीशी संबंध नाही, म्हणून ती भरपाईतून वजा होत नाही. अडचण येते ती कागदांची. मेडिक्लेम कंपनी मूळ बिले ठेवून घेते, तेव्हा ती देण्यापूर्वी रुग्णालयाकडून सर्व बिलांच्या शिक्क्यानिशी प्रती आणि कंपनीकडून किती रक्कम मंजूर झाली त्याचे पत्र घ्या.

अनेकांना ठाऊक नसलेली आणखी एक सोय : केंद्र सरकारच्या मे 2025 पासूनच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. गोव्यात म्हापशाजवळ आमच्या टॅक्सीला भाड्याच्या कारने मागून धडक दिली आणि आईच्या बरगड्यांना मार लागला. दावा गोव्यातच करावा लागेल का?

उत्तर : नाही. अपघात झाला ती जागा, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो ती जागा, किंवा प्रतिवादी राहतो ती जागा, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. डोंबिवलीसाठी ठाणे जिल्ह्यातले न्यायाधिकरण सोयीचे पडेल. मात्र गुन्ह्याचे कागद गोव्यातच आहेत. प्रथम खबर, पंचनामा, वाहनाची व चालकाची कागदपत्रे यांच्या प्रमाणित प्रती तिथल्या पोलीस ठाण्यातून आताच मागवा. पर्यटक म्हणून आलेल्या चालकाचा कायमचा पत्ताही त्याच वेळी लिहून घ्या, पुढे समन्स बजावताना तोच लागतो. टॅक्सीचालक हा तुमचा महत्त्वाचा साक्षीदार आहे, त्याचा संपर्क ठेवा.

प्रश्न : वडील सांगलीच्या रुग्णालयात दाखल असताना एक जण येऊन भेटला. ‘क्लेमचे सगळे आम्ही बघतो, खर्च काही नाही, मिळालेल्या रकमेतले तीस टक्के द्या,’ असे म्हणून त्याने कोऱ्या वकालतनाम्यावर आणि दोन कोऱ्या कागदांवर वडिलांच्या सह्या घेतल्या. आता काळजी वाटते.

उत्तर : काळजी वाटणे योग्य आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात क्लेमचे गिऱ्हाईक शोधणारी ही मंडळी सर्वत्र आढळतात, आणि त्यांच्याविषयी मला सौम्यपणे लिहिता येत नाही. बार कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. मध्यस्थाला तर हा हक्क मुळीच नाही. कोऱ्या कागदावरच्या सहीचे पुढे प्रतिज्ञापत्र किंवा तडजोडपत्र होऊ शकते.

वडिलांच्या सहीने लेखी नोटीस पाठवा : त्या तारखेला रुग्णालयात औषधांच्या अमलाखाली असताना कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या, त्या परत कराव्यात आणि त्यांच्या आधारे कोणतीही कारवाई केल्यास ती मान्य नसेल. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवून पोच जपा. वकालतनाम्यावर कोणा वकिलाचे नाव असेल, तर तो रद्द केल्याचे त्यांनाही कळवा. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. प्रकरण लोकअदालतीत नेण्याचा पर्यायही तेथेच समजेल. फक्त तेथे झालेल्या तडजोडीविरुद्ध अपील नाही हे लक्षात घेऊनच आकडा मान्य करावा.

रक्कम मिळण्याच्या वेळी खाते कोणाचे दिले आहे, हेही तपासा. भरपाई अर्जदाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये दिलेले आहेत. वडिलांचे स्वतःचे पासबुक, त्यावरील खाते क्रमांक आणि शाखेचा कोड अर्जासोबत तुम्हीच दाखल करा, आणि एटीएम कार्ड व सही केलेले धनादेश कोणाकडेही ‘सोयीसाठी’ ठेवू नका.